सँडी हूकचा दिवा

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "अरे, दर महिन्याला त्याच दिव्याचे फोटो काय पाठवतोस?" तेव्हा ऑफिसात होतो, धड बोलता आलं नाही. आज निवांत आहे, चहा पुढ्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडून गाडीने पाऊण-एक तासावर सँडी हूक म्हणून वाळूची एक लांबच लांब पट्टी समुद्रात शिरली आहे. तिच्यावर हा पांढरा, अष्टकोनी, १०३ फूट उंच दगडी दीपस्तंभ. ११ जून १७६४ ला तो पहिल्यांदा लागला. म्हणजे अमेरिका हा देश अजून व्हायचा होता आणि आपल्याकडे पानिपत होऊन तीन-साडेतीन वर्षंच झाली होती! न्यू यॉर्क बंदराच्या तोंडाशी जहाजं वाळूवर चढून फुटायची, म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून लॉटरी काढून बांधकामाला पैसा उभा केला गेला. या देशात आज चालू असलेल्या दीपस्तंभांत सगळ्यात जुना हाच.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र हिरमुसलो होतो. तुला आठवतं ना, रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीवर बसून आपण भगवती किल्ल्यावरच्या दिव्याचा झोत परत येईस्तोवर आकडे मोजायचो? हा दिवा मिचकतच नाही. एकसारखा, स्थिर जळतो. मोजायला काही नाही. पण अंधार पडला तरी मी तिथून हललो नाही, हेही खरं.

मग एकदा वर गेलो. ९५ पायऱ्यांचा लोखंडी गोल जिना आणि शेवटी शिडी. खिडकीच्या खोबणीत भिंतीची जाडी दिसते; हात टेकला तर भर उन्हाळ्यात गार लागली. वर १८५७ साली बसवलेलं भिंग आहे. काचेच्या लोलकांची कडी एकावर एक रचलेली, आणि त्यात बाहेरची झाडं उलटी लोंबताना दिसतात. आतला बल्ब केवढासा! त्याचा उजेड मैलोन्‌मैल पोचतो तो या काचांमुळे. गॅलरीतून खाली पाहिलं तर आधी नुसती झाडी आणि वाळू. बांधला तेव्हा हा टोकापासून ५०० फुटांवर होता. समुद्राचा प्रवाह दक्षिणेकडून वाळू आणून टाकत राहिला आणि आता टोक जवळजवळ दीड मैल पुढे सरकलं आहे. दिवा जिथल्या तिथे.

१७७६ मध्ये इंग्रजांच्या गलबतांना उपयोग होऊ नये म्हणून अमेरिकन बंडवाल्यांनी आतले दिवेच काढून नेले. इंग्रजांनी जागा ताब्यात घेतल्यावर याच लोकांनी त्याच्यावर तोफा डागल्या. भिंतींना काही झालं नाही. पुढे लाकडी जिना काढून लोखंडी घातला, आतून विटांचं अस्तर दिलं, २००० साली मोठी डागडुजी झाली. जे कुजलं ते बदललं, जे उभं होतं त्याला हात लावला नाही. मला तो आवडतो तो यासाठी. नवा मनोरा बांधणं त्यांना काय अवघड होतं?

आता मनातलं सांगतो. तू घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरवतो आहेस हे कळल्यापासून झोप नीट लागत नाही. पडवीचे वासे वाळवीने खाल्लेत, कौलं गळतात, काकूंना पावसाळ्यात त्रास होतो, सगळं मान्य. इथे बसून सांगणं सोपं आहे हेही कळतं. पण वासे बदलता येतात रे. ते चिरे अप्पांनी स्वतः उभं राहून बसवून घेतले होते. भिंतींना खरोखर काही झालंय का, हे एखाद्या जुन्या गवंड्याला आणून हातोडीने ठोकून बघायला सांग. त्याने पाड म्हटलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. दुरुस्तीचं ठरलं तर खर्चात माझा वाटा धर. त्या ओटीवर मी तुझ्याएवढाच जेवलोय.

डिसेंबरात येतो आहे, तोवर तरी थांब. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आणि ओटीवरच्या कोनाड्यात आपल्या कंदिलाची काजळी अजून आहे का, तेवढं बघून कळव.

तुझाच,
मित्र