एस्तरला पत्र : आठ रविवार, एकच चर्च

पुणे कॅम्प
12 एप्रिल

प्रिय एस्तर,
सप्रेम सलाम.

व्हिसा आला, ब्रिस्टलचं घर ठरलं, मे-जूनचे आठ रविवार तिकडे. दोन पोरांना घेऊन अनोळखी चर्चमध्ये कसं निभवायचं, असं तू विचारलं होतंस. फोनवर अर्धंच झालं म्हणून लिहितेय.

माझं मत आधी सांगून टाकते. आठ रविवारी आठ चर्च बघत फिरू नकोस. एक धर आणि निघेपर्यंत तिथेच जा. पाच वर्षांच्या मुलाला पहिल्या रविवारी नवी खोली, नवी टीचर, नवे उच्चार यांची भीतीच वाटते. दुसऱ्या रविवारी ते हात सोडून रंगांच्या टेबलापर्यंत जातं, तिसऱ्याला मागे वळून बघत नाही. दर आठवड्याला चर्च बदललंस तर नोहाचे आठही रविवार पहिलेच.

म्हणून निवड इथूनच कर. चर्च ऑफ इंग्लंडची 'अ चर्च निअर यू' नावाची साइट आहे. तिच्यावर पत्ता टाकला की जवळची चर्चेस आणि उपासनेच्या वेळा दिसतात. आपलं सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 1970 साली झालं तेव्हा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले लोकही त्यात सामील झाले, त्यामुळे उपासनेचा क्रम तुला परका वाटणार नाही. वेळ मात्र नीट वाच. सकाळी आठची उपासना बहुधा जुन्या प्रार्थनापुस्तकातली, गीतांशिवाय असते. मोजकी वयस्कर मंडळी, सगळीकडे शांतता. तिथे ताराने चमचा पाडला तरी दचकतील. तुझी उपासना दहा किंवा साडेदहाची. महिन्यातून एकदा बऱ्याच ठिकाणी 'ऑल एज' उपासना असते, तेव्हा मुलं वेगळी नेत नाहीत. पहिल्या भेटीला तो रविवार मिळाला तर उत्तम.

घरापासून चालत जाता येईल असंच चर्च बघ. रविवारी बस कमी असतात आणि ऐन वेळी चुकलेली बस म्हणजे उपदेशाच्या मध्यात बाबागाडीसह प्रवेश. नावाजलेल्या कॅथीड्रलचा मोह झाला तर आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी कोरल इव्हनसाँगला जा. पाऊण तास गायन ऐकायचं, बस्स. पर्यटकांना जिथे तिकीट असतं तिथेही उपासनेला पैसे लागत नाहीत, फक्त दारात तसं सांगायचं.

चर्च ठरलं की मंगळवार-बुधवारी ई-मेल टाक, कारण ऑफिस बहुतेक ठिकाणी अर्धवेळच चालतं. मुलांची वयं लिही आणि नेमकं विचार: त्या रविवारी मुलांचा ग्रुप आहे का, कोणत्या वयापर्यंत, बाबागाडीसाठी उतार कोणत्या दाराला आहे, लंगोट बदलायला जागा आहे का. आपली सुट्टी एप्रिल ते जून, त्यांची जुलैअखेर ते सप्टेंबर. हा तुझा फायदाच आहे, कारण तिथलं संडे स्कूल शाळेच्या टर्मप्रमाणे चालतं आणि ऑगस्टमध्ये गेलेल्यांना पुष्कळदा कुलूपच दिसतं. तुला अडचण येईल ती मेच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा त्यांना हाफ-टर्मची सुट्टी असते आणि ग्रुपही बंद असू शकतो.

आता पहिला रविवार. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. सकाळचे साडेदहा म्हणजे पोरांच्या पोटात पुण्याचे दुपारचे तीन, ऐन झोपेची वेळ. शुक्रवारी पोचून रविवारी साडेदहाला गेलीस तर तारा किंचाळेल आणि तुला वाटेल, चर्चच चुकलं. पहिला रविवार सोडून दे, किंवा नऊची उपासना मिळाली तर ती धर.

पिशवीत काय? मेणाचे खडू चार, स्केचपेन नको, गुडघे टेकायच्या भरतकाम केलेल्या उशा सहज रंगतात. चाकं नसलेलं, आवाज न करणारं एक खेळणं. खायला बेदाणे आणि केळं. चिक्की, दाण्याचा लाडू चुकूनही नको, शेंगदाण्याच्या अॅलर्जीबाबत तिथे फार कडक असतात. एक स्वेटर प्रत्येकी, दगडी इमारत मे महिन्यातही गार असते.

बसायचं कुठे? आपण लाजून शेवटच्या बाकावर बसतो आणि मुलांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात, मग चुळबुळ सुरू. पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, बाजूच्या मार्गिकेकडे बस. वेदी दिसते आणि पळ काढायला रस्ताही असतो. प्रभूच्या प्रार्थनेत सगळे 'ट्रेसपासेस' (अपराध) म्हणतील नाहीतर 'सिन्स' (पापं). तू मनात 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणालीस तरी चालेल.

प्रभुभोजनाला तू आणि डेव्हिड खुशाल जा. बाप्तिस्मा झालेल्या आणि आपल्या मंडळीत प्रभुभोजन घेणाऱ्यांना ते मोकळं आहे. प्याल्यात खरा द्राक्षारस असतो, मद्यार्क असलेला. नको असेल तर नुसती भाकर घे, तेवढंही पूर्ण मानतात. काही ठिकाणी बिशपच्या परवानगीने कन्फर्मेशनआधीही (बाप्तिस्म्यानंतरचा, स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) मुलांना देतात, पण नोहाला आपल्याकडे सुरू केलेलं नाही, म्हणून त्याला आशीर्वाद घ्यायला शिकव: दोन्ही हात छातीवर आडवे, उजवा डाव्या खांद्यावर, डावा उजव्या. घरी चार वेळा करून घे, नाहीतर तिथे तो हात पुढे करेल आणि रिकामा परतला की रडेल.

मुलांच्या ग्रुपमध्ये एक फॉर्म देतील: नाव, वय, अॅलर्जी, तुझा नंबर, फोटोला परवानगी. त्यात अविश्वास मानू नकोस, तिथला तो नियमच आहे. टीचर एकटी मुलाला टॉयलेटला नेणार नाही, तुला बोलावतील. तारासारख्या दोन वर्षांच्या मुलांबरोबर आईबापांपैकी एकाने थांबायचं असतं, हे आधी आपसात वाटून घ्या. आणि दुसऱ्यांची मुलं दिसतील असा फोटो काढून आजीला पाठवायचा नाही! आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही, तिथे फार वाईट दिसतं.

दानाला थाळी फिरते किंवा दाराशी कार्ड टेकवायचं यंत्र असतं. 'गिफ्ट एड'चा लिफाफा मात्र भरू नकोस. त्यावर सरकार दर पौंडामागे 25 पेन्स चर्चला देतं, पण देणाऱ्याने तिथे कर भरलेला असेल तरच.

शेवटच्या गीतानंतर लगेच निघू नका. चहा-बिस्किटं असतात, मुलांना सरबत. उपासनेत कोणी बोलत नाही, सगळ्या ओळखी त्या कपाशी होतात. शेजारची आई तिथेच सांगेल की 'मेसी चर्च' कुठे असतं. महिन्यातून एकदा, बहुधा रविवार सोडून, हस्तकला, छोटी उपासना आणि सगळ्यांचं जेवण. नोहाला उपासनेपेक्षा तेच आवडेल, पैज लाव.

डेव्हिडला सलाम, मुलांना गोड पापा.

तुझी,
वंदना

ता. क. 'ब्रिंग अँड शेअर' (प्रत्येकाने घरून आणून वाटून खायचं) जेवण असेल तर तुझ्या डब्यावर साहित्याची चिठ्ठी लाव. गहू आणि दाणे लिहिशीलच, तीळही लिही, अॅलर्जीच्या यादीत तिथे तोही आहे. भाकरवडी इथून नेलीस तर तीच चिठ्ठी तिलाही. पेढे-बर्फी मात्र बॅगेत टाकू नकोस, दुधाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत.