अलास्का महामार्गावरच्या ड्रायव्हरकाकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

पत्ता मागितला तेव्हा तुम्ही हसून रस्त्याकडे बोट दाखवलंत. "याच रस्त्यावर असतो, गरज लागली तर भेटेनच," म्हणालात. म्हणून हे पत्र कुठल्या पाकिटात घालता आलं नाही, असं उघड्यावरच लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तुम्हाला मराठी येत नाही हेही मला माहीत आहे. पण बाबा म्हणाले, "तू तिथे इंग्रजीत आभार मानलेस ते तुझे झाले. माझे मराठीत मान." सिअ‍ॅटल-व्हँकुव्हरकडून कुणी मराठी कुटुंब या उन्हाळ्यात त्या वाटेने निघालं आणि लाल पिकअपमधला, शेजारच्या सीटवर म्हातारं काळं कुत्रं बसवून हिंडणारा माणूस त्यांना भेटला, तर त्यांनी हे वाचून त्याचा अर्थ तुम्हाला सांगावा, एवढीच आशा आहे.

गेल्या जूनमधली गोष्ट. आई-बाबा कराडहून आमच्याकडे आले होते. मी, नवरा, आमची दोन मुलं आणि ते दोघं, अशी सहा माणसं भाड्याच्या आरव्हीत, म्हणजे ओटा-बिछान्यासकट असलेल्या मोठ्या गाडीत बसून सिअ‍ॅटलहून अलास्कातल्या फेअरबँक्सला निघालो होतो. एका बाजूचंच अंतर साडेतीन हजार किलोमीटरांहून जास्त. आईने गाडीतल्या त्या वीतभर ओट्यावर पहिल्याच दिवशी पिठलं करून घराची पूजा घातल्यासारखं केलं. कॅनडातल्या डॉसन क्रीकला, जिथे अलास्का महामार्गाचा शून्य मैलाचा खांब उभा आहे, तिथे सगळ्यांनी फोटो काढले. मजेत चाललं होतं.

फक्त बाबा गप्प होते.

बाबा ३१ वर्षं कराड आगारात एसटीचे चालक होते. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. धुक्यात, पावसात, गणपतीच्या गर्दीत. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून देवघराच्या कप्प्यात आहे. असा माणूस सहा दिवस मागच्या बाकावर पट्टा लावून बसला होता. भाड्याच्या करारात चालक म्हणून त्यांचं नाव नव्हतं, ते असण्याचा प्रश्नही नव्हता. पण आम्ही त्यांना गाडीतलं दुसरंही काही करू दिलं नव्हतं. सांडपाण्याची नळी जोडायला उतरले की "बाबा, तुम्ही बसा." गॅसची टाकी बघायला वाकले की "बाबा, राहू द्या." मायेनेच म्हणत होतो. आज ते शब्द आठवले की मला माझाच राग येतो.

रोज सकाळी ते एक गोष्ट मात्र करायचे. गाडीभोवती फिरून हातातल्या काठीने प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचे. एसटीत गाडी आगाराबाहेर काढण्याआधी टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर वाजवून बघायची सवय, ती हाताला लागलेली. फोर्ट नेल्सनच्या कॅम्पग्राउंडवर त्या सकाळी ते ठोका मारून थांबले, पुन्हा मारला, आणि म्हणाले, "मागचं उजवं आतलं चाक बद्द वाजतंय. हवा कमी आहे." नवऱ्याने गेज लावला. मागे दोन्हीकडे जोडचाकं, त्यातल्या बाहेरच्या चाकात हवा बरोबर होती. आतल्या चाकाच्या वॉल्व्हपर्यंत गेज पोचेना. उशीर होत होता. मी म्हटलं, "बाबा, कंपनीने तपासूनच दिली असेल गाडी." ते काही बोलले नाहीत. काठी आत ठेवून मागे जाऊन बसले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. समिट लेकचा चढ संपला, टोड रिव्हर मागे पडलं, मंचो सरोवर अजून यायचं होतं. बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. मोबाइलला रेंज नाही. मदतीसाठी दिलेला नंबर कागदावर छापलेला, पण लावणार कशावरून? स्टेपनी होती. जॅक होता तो त्या वजनाला पुरणारा नव्हता आणि पाना तर हातभरसुद्धा लांब नव्हता. नवऱ्याने त्यावर उभं राहून बघितलं, नट हलला नाही. डासांनी मुलांची तोंडं सुजली. दोन गाड्या वेग कमी करून, हात हलवून गेल्या. त्यांना दोष देत नाही. आम्हीही हात हलवून "ठीक आहे" असंच दाखवलं असणार.

तुम्ही मात्र विचारलंच नाहीत की मदत हवी का. पिकअप आमच्या मागे लावलीत, रस्त्यावर त्रिकोण मांडलात आणि कुत्र्याला "बस" म्हणून सांगितलंत. मग सीटच्या मागे हात घालून एक लाकडी दांडकं बाहेर काढलंत आणि उरलेल्या पाचही चाकांवर एकेक ठोका मारत गाडीला फेरी घातलीत.

काका, त्या क्षणी मी बाबांकडे बघत होते. कडेला दगडावर बसले होते, ते उठून उभे राहिले.

सरळ तुमच्यापाशी आले आणि हात पुढे केला. तुम्ही जराही न थांबता दांडकं त्यांच्या हातात ठेवलंत. त्यांनी फुटलेल्या चाकाशेजारच्या बाहेरच्या टायरवर ठोका मारला, कान लावला, मान हलवली. मग तुम्ही मारलात. तुम्हीही मान हलवलीत. नंतर बाबांनी छातीवर हात ठेवून त्यांच्याजवळ होतं तेवढं इंग्रजी काढलं: "ड्रायव्हर. बस. थर्टी वन इयर." तुम्ही टोपी काढलीत, स्वतःच्या छातीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "ट्रक. थर्टी एट." आणि दोघेही हसलात. सहा दिवसांत पहिल्यांदा हसले ते.

मग तुम्ही विचारलंत, सकाळी कुणी चाकं बघितली होती का. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात माझी अकरा वर्षांची लेक म्हणाली, "आबांनी सांगितलं होतं हे चाक खराब आहे म्हणून. कुणी ऐकलं नाही." तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत. रागावला नाहीत. समजावून सांगितलंत: जोडचाकांत आतल्याची हवा गेली तरी बाहेरचं चाक भार उचलून धरतं, म्हणून गाडी चालवणाऱ्याला काही कळत नाही, आतलं दबून दबून तापत जातं आणि फुटतं. गेज पोचत नसेल तर ठोका मारून बघणं हाच ते ओळखायचा सोपा मार्ग. आणि मग म्हणालात, "तुमच्या वडिलांनी हे कानाने ओळखलं होतं."

नंतरचा दीड तास मी आयुष्यभर विसरणार नाही. कडेची खडी भुसभुशीत होती, म्हणून जॅकखाली फळी हवी असं बाबांनी हाताने दाखवलं, तोवर तुम्ही फळी काढलीही होतीत. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग गाडी उचलायची. पान्याला लांब पाइप लावलात आणि तो पाना जावयाच्या हातात न देता बाबांच्या हातात दिलात. बहात्तर वर्षांचा माणूस, म्हणून माझ्या तोंडाशी आलंच होतं, "बाबा, तुम्ही बसा." तुम्ही पाइपचं दुसरं टोक धरलंत आणि मी गप्प राहिले. नट कर्रर्र करून सुटला. आधी बाहेरचं चाक, मग आतलं. चिंध्या झालेला टायर बाबांनी असा बाजूला ठेवला जसं काही मेलेलं जनावर. स्टेपनी आत, बाहेरचं पुन्हा बाहेर, समोरासमोरचे नट जोडीने आवळत. एक शब्द नाही. एकाने हात पुढे केला की दुसरा तीच वस्तू ठेवायचा. माझं दुभाषाचं काम त्या दीड तासात पडलंच नाही.

आईने थालीपिठं लावली होती. तुम्ही पहिला तुकडा कुत्र्याला दिलात, मग स्वतः खाल्लंत. आईला ते फार आवडलं. ती अजून सांगते.

तुम्ही तिथूनच पुढे गेला असतात तरी आमच्यावर तुमचे उपकार होते. पण आता आमच्याकडे स्टेपनी नव्हती आणि पुढे वॉटसन लेकपर्यंत टायर मिळणार नव्हता. तुम्ही व्हाइटहॉर्सच्या पलीकडे घरी निघाला होतात, आमच्या दुप्पट वेगाने गेला असतात. तरी आमच्या मागे मागे राहिलात. रस्त्यात रानगव्यांसारखे ते बायसन आडवे आले तेव्हा पुढे येऊन दिवे लावून उभे राहिलात. लिअर्डला पोचल्यावर नट पुन्हा आवळायला लावलेत, कारण नव्याने बसवलेलं चाक थोडं चाललं की नट सैल पडतात. बाबा तेच सांगणार होते.

लिअर्डच्या गरम पाण्याच्या झऱ्यात बाबा कमरेपर्यंत उतरले आणि म्हणाले, "हे तर आपल्या तुरळच्या कुंडासारखं." मी तुम्हाला तुरळ कुठे ते सांगितलं, घाट कसा आहे ते सांगितलं. तुम्ही विचारलंत, घाटात उतरताना ते कोणता गिअर वापरायचे. घरात आजवर कुणी त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. मीही नाही.

रात्री दहालाही ऊन होतं. शेकोटीपाशी तुम्ही रस्त्याची कहाणी सांगितलीत, मी मराठीत करत गेले. १९४२ साली अमेरिकन सैन्याने आठेक महिन्यांत हा रस्ता रानातून काढला. दहा हजारांवर सैनिक, त्यांतले सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय, वेगळ्या पलटणीत ठेवलेले, आणि कित्येकांनी असली थंडी जन्मात पाहिलेली नाही. शेवाळाचा थर खरवडला की खालची गोठलेली जमीन वितळून चिखल व्हायचा, यंत्रं रुतायची. मग ओंडके आडवे अंथरून त्यावरून रस्ता न्यायचा. सत्तरच्या दशकात तुम्ही ट्रक चालवायला लागलात तेव्हाही बहुतेक रस्ता खडीचाच होता, समोरून गाडी आली की काच फुटायची. बाबा ऐकत होते. मध्येच म्हणाले, "रस्ता करणाऱ्याचं नाव पाटीवर नसतं. पण ड्रायव्हरला वळणावळणाला तो कळतो, चांगला होता की कामचोर." हे वाक्य इंग्रजीत नीट उतरवणं मला जमलं नाही. तुम्ही मान डोलावलीत, तेव्हा पोचलं असावं.

वॉटसन लेकला टायर बसेपर्यंत तुम्ही थांबलात. तिथलं ते पाट्यांचं जंगल आम्हाला तुम्हीच दाखवलंत. १९४२ मध्ये कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाला घराची आठवण आली आणि त्याने आपल्या गावाच्या नावाची, इलिनॉयमधल्या डॅनव्हिलची, पाटी ठोकली. आता तिथे ८०,००० हून जास्त पाट्या आहेत. मुलाने विचारलं, आपली आहे का? तुम्ही पिकअपमधून जॅकखालची तीच फळी आणलीत. बाबांनी तिच्यावर मार्करने लिहिलं, "कराड". एसटीच्या पाटीवर असतं तसं, ठसठशीत. तुम्ही स्क्रू मारलेत.

आणि निघताना ते दांडकं बाबांना दिलंत. बर्चचं लाकूड, मुठीला काळी टेप, टोक झिजून गुळगुळीत झालेलं. बाबा दोन्ही हातांनी नको नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "मी दुसरं करेन. याला चालणाऱ्या गाड्यांजवळ राहू दे." मी ते मराठीत सांगितलं तेव्हा माझाच आवाज बसला.

पुढचा प्रवास वेगळा झाला, तेही तुम्हाला कळावं. बाबा पुढच्या सीटवर आले. क्लुआनी सरोवर ओलांडल्यावर डिस्ट्रक्शन बेच्या पुढे जमिनीखालच्या बर्फाने रस्ता लाटांसारखा उचलला जातो, तिथे वेग कमी ठेवा, कडेच्या लहान झेंड्यांकडे लक्ष द्या, असं तुम्ही बजावलं होतंत. बाबा झेंडा दिसायच्या आधी डांबराचा रंग बघून "हळू" म्हणायचे. एकही भांडं फडताळातून पडलं नाही. बीव्हर क्रीकला त्यांनी गाडी थांबवायला लावली. ऑक्टोबर १९४२ मध्ये एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा सैनिक उलट दिशांनी बुलडोझर चालवत त्या भागात समोरासमोर आले आणि रस्ता जुळला, हे तुम्ही शेकोटीपाशी सांगितलं होतंत. बाबा रस्त्याच्या कडेला उतरून नमस्कार करून आले.

फेअरबँक्स पाहिलं, परतलो, आई-बाबा ऑगस्टमध्ये कराडला गेले. दांडकं सामानाच्या बॅगेत, आईच्या दोन साड्यांत गुंडाळून गेलं. आता ते दाराशी, छत्रीशेजारी असतं. गल्लीतल्या दुधाच्या टेम्पोवाल्याची चाकं बाबा रोज सकाळी वाजवून देतात. मी फोन केला की हल्ली तब्येतीआधी रस्त्यांबद्दल विचारते. अर्धा-अर्धा तास बोलतात.

गेल्या रविवारी त्यांना म्हटलं, पत्र लिहायला घेतलं आहे, काय कळवू? ते जरा वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, माझा नमस्कार लिही. थालीपिठाची भाजणी हवी असेल तर पाठवतो म्हणावं. आणि त्यांनी त्या रात्री सांगितलं होतं ना, उणे चाळीसला गाडी रात्रभर उभी राहिली की टायर खालून चपटे होतात आणि सकाळी काही अंतर गाडी दणके देत जाते, त्याबद्दल एक विचारायचं राहिलं. तशा गोठलेल्या टायरवर ठोका मारला तर तो वाजतो कसा? हवा पुरेशी असूनही बद्दच वाजत असेल, तर मग तुम्ही थंडीत ओळखता कशावरून?