वैजूला पत्र, चौथ्या काठीबद्दल

लाँगइयरब्येन, स्वालबार्ड, नॉर्वे
२७ एप्रिल, रात्रीचे साडेअकरा

प्रिय वैजू,

फेब्रुवारीनंतर तुला एक ओळ नाही. तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा "सविस्तर लिहिते" म्हणून गप्प बसले. रागावली असशील तर हक्काने रागाव. आज मात्र लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. मंगळवारी हिमनदीवर जे झालं ते इथे सगळ्यांना सांगून झालंय. ते ऐकून घेतात, मान डोलावतात आणि "सरासरीत निघून जाईल" म्हणतात. तू पाटलांच्या विहिरीत उतरलेली आहेस. तू असं म्हणणार नाहीस.

तब्येत उत्तम. नाकाचा शेंडा दोनदा पांढरा पडला होता, उघड्या तळव्याची ऊब दिली, परत लाल झाला. (चोळायचं नसतं, आईला सांग. तिला वाटतं तेल लावून चोळावं.) झोपेचं तेवढं बिघडलंय. २० एप्रिलच्या सुमारास इथला सूर्य मावळायचा थांबतो, तो थेट ऑगस्टात मावळतो. आत्ता पडदा बाजूला केला तर टेबलावर ऊन पडेल.

आधी शब्द ठरवून घेऊ. आपण घरी दोन्हीला बर्फच म्हणतो, पण इथे तेवढ्यावर भागत नाही. यंदाच्या हिवाळ्यात पडलेलं, फावड्याने निघतं ते हिम. त्याच्याखाली हिमनदीचा जुना, काचेसारखा घट्ट, तो बर्फ. आमचं काम एवढंच, की उन्हाळ्यात वितळायला लागायच्या आत हिम किती साठलं ते मोजायचं. खोली गुणिले घनता. १.४२ मीटर हिम, घनता ३८० किलो प्रति घनमीटर, म्हणजे वितळवलं तर ५४० मिलिमीटर पाणी. आपल्या पर्जन्यमापकाचीच भाषा बघ! मला पहिल्या दिवशी त्याचाच आनंद झाला होता.

खोली मोजायची प्रोबने. तंबूच्या काठीसारखे अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे आतल्या दोरीने ओढून जोडायचे, की सेंटिमीटरच्या खुणा असलेली तीन मीटरची सळई तयार. ती सरळ उभी खुपसायची. दहा अंश जरी कलली तरी दीड मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर जास्त भरतात. हिम तिला सुईसारखं आत घेतं आणि मग ती थबकते. जुन्या बर्फाला टेकली तर "टण्ण" होतं आणि हाताला झिणझिण्या येतात. मध्येच एखादा बर्फाचा पापुद्रा असला तर "टक्" असा कोरडा आवाज, आणि जोर दिला की पापुद्रा फुटून सळई खाली निसटते. पहिले दोन दिवस मी डोळे मिटून हे आवाज शिकले. तुझं ते विहिरीवर कान देऊन बसणं फार आठवलं.

आणि घोटाळा तिथेच झाला, वैजू. पापुद्रा एक सेंटिमीटरचा असतो तेव्हा फुटतो. तीन सेंटिमीटरचा असला तर फुटत नाही, आणि हातमोज्याच्या दोन थरांतून त्याची झिणझिण खालच्या बर्फासारखीच लागते.

असा जाड पापुद्रा येतो हिवाळ्यातल्या पावसातून. हो, ७८ अंश उत्तरेला, ऐन काळोखाच्या महिन्यांत पाऊस! अटलांटिकवरून गरम हवा येते आणि दोन दिवस पारा शून्याच्या वर. पाणी हिमात झिरपत जातं आणि बारीक कणांच्या थराखाली भरड कणांचा थर लागला की अडतं, कारण बारीक कण पाणी धरून ठेवतात आणि भरड कणांमधल्या मोठ्या पोकळ्या ते ओढून घेत नाहीत. तिथेच ते गोठतं. आपण मातीच्या थरांबद्दल शिकलो होतो तेच, फक्त इथे शेवटी पाण्याची फरशी होते. २०१२ च्या जानेवारीअखेरीस असा जोराचा पाऊस झाला होता, तेव्हा जमिनीवर बर्फाचं कवच बसलं आणि रेनडियरना खालचं खुरटं गवत मिळेना. यंदा डिसेंबरातही तसा पडला. मला हे माहीत होतं. वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

आता मंगळवार. हिमनदी लाँगइयरब्रीन, गावाच्या डोक्यावरच आहे. आम्ही सोमवारी ९६ ठिकाणी खोली घेतली, एकेका ठिकाणी एकदाच, कारण दुपारनंतर वारा उठणार होता. मंगळवारी खड्डा खणायला चौथ्या काठीपाशी गेलो. या काठ्या बर्फात भोक पाडून रोवलेल्या असतात, हिमनदीच्या मध्यरेषेवर सहा. सप्टेंबरात चौथी काठी बर्फाच्या वर २.१० मीटर होती. आता हिमाच्या वर राहिलीय ५२ सेंटिमीटर. वजाबाकी कर. १.५८ मीटर हिम. आणि काठीपासून दोन पावलांवरची आमची आदल्या दिवशीची नोंद १.१२!

मी वाकून काठीवरची खूण तीनदा वाचली. मग आम्ही खणलं. १.१२ ला बर्फाची फरशी, तीन सेंटिमीटर जाड, फावड्याच्या कडेने ठोकली तर घंटेसारखी वाजली. ती फोडल्यावर खाली ४३ सेंटिमीटर भरड हिम, ओल नसलेल्या खडीसाखरेसारखं, मुठीत धरलं तर गळून जाणारं. आणि त्याच्याखाली गेल्या उन्हाळ्याचा मळका थर, धूळ आणि बारीक खडे, तेव्हा कुठे खरा तळ. आम्ही सोमवारी तळ मोजलाच नव्हता. मधल्या माळ्याच्या फरशीला टेकून परत आलो होतो.

म्हणजे तुझं वाक्य शब्दशः: "वजन कुठेतरी टेकलं म्हणजे तळ लागला असं नाही."

पुरंदरमधली ती विहीर मी अजून विसरलेली नाही. टेपचं वजन कातळाच्या टप्प्यावर बसलं, मी ९.४ मीटर लिहून मोकळी झाले, आणि तू म्हणालीस परत सोड, दुसऱ्या बाजूने सोड. मी ऐकलं नाही. तू उतरलीस आणि १३.१ घेऊन वर आलीस. मग सासवड स्टँडवर आपण दोन वेगळ्या बाकांवर बसलो आणि दोन दिवस बोललो नाही. तेव्हा मला तुझ्या बोलण्याच्या पद्धतीचा राग आला होता. त्या पद्धतीबद्दल मी अजून भांडू शकते, पण आकड्याबद्दल तूच बरोबर होतीस. कबूल करायला सहा वर्षं लागली, माफ कर.

आता हिशेब. फरशीच्या वरचं १.१२ मीटर हिम, घनता ३७०, म्हणजे ४१४ मिलिमीटर पाणी. फरशी तीन सेंटिमीटर, ८७० धरली तर २६. खालचं ४३ सेंटिमीटर, घनता ३२०, म्हणजे १३८. बेरीज ५७८, आणि त्यातले १६४ आमच्या वहीत नाहीत. चौथ्या हिश्शाहून जास्त!

"सरासरीत निघून जाईल" हे मला का पटत नाही ते तुला समजावायला नको, तरी लिहिते, कारण लिहिताना मला धीर येतो. हात थरथरला, खूण वाचताना सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला, तर ती चूक कधी वर कधी खाली जाते आणि ९६ आकड्यांत मिटते. ही चूक एकाच बाजूची आहे. सळई अलीकडे थांबू शकते, तळाच्या पलीकडे सहसा जात नाही. अशा हजार नोंदी घेतल्या तरी सरासरी तेवढीच खोटी राहणार, उलट आकडा जास्त ठाम दिसणार. मला भीती त्याचीच वाटते.

सगळ्याच नोंदी चुकल्या असंही नाही. पहिल्या, दुसऱ्या काठीशी, म्हणजे खालच्या भागात, प्रोब आणि काठी जुळतात. तिथे पाणी पार तळापर्यंत गेलं आणि जुन्या बर्फावरच गोठून त्याला चिकटलं असावं. पाचवी-सहावीही जुळतात, तेवढ्या उंचीवर बहुधा हिमच पडलं. गोंधळ मधल्या पट्ट्यात, ३४ नोंदींत. आणि त्या ३४ पैकी कुठल्या फरशीला टेकल्या आणि कुठल्या तळाला, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही.

खड्ड्याबद्दल तुला हवं असेल म्हणून सांगते, तुमच्याकडे मातीचे खड्डे असतात तसंच. मोजायची भिंत सावलीतली धरायची आणि तिच्या वरच्या काठावर कुणी पाय ठेवायचा नाही, नाहीतर थर दाबले जातात. इथे सूर्य दिवसभर गोल फिरतो, त्यामुळे सावली पळायच्या आत, दोन तासांत, काम उरकायचं. दर दहा सेंटिमीटरला तापमान. घनतेसाठी ५०० घनसेंटिमीटरची स्टीलची नळी आडवी खुपसायची, तोंडं पत्र्याने सपाट कापायची, पिशवीत ओतून ताणकाट्याला टांगायची. ग्रॅमची दुप्पट केली की घनता. इलेक्ट्रॉनिक काटा उणे अठराला झोपी जातो. खडीसाखरेच्या थरात नळी बाहेर काढताना निम्मं गळतं, म्हणून आधी खालून पत्रा सरकवायचा, मग नळी काढायची. पिशवीला हिम चिकटून राहतं, म्हणून दर वेळी रिकामी पिशवी परत तोलायची. लिहायचं पेन्सिलीने, पेनातली शाई गोठते.

आणि हे सगळं चालू असताना एकजण खड्ड्याबाहेर रायफल घेऊन उभा. त्याने खणायचं नाही, लिहायचं नाही, फक्त चहूकडे बघायचं, कारण दीड मीटर खड्ड्यात वाकलेल्या माणसाला अस्वल दिसत नाही. मॅगझिनमध्ये गोळ्या, चेंबर रिकामं, खिशात आवाजाच्या फटाक्यांचं पिस्तूल. वीस मिनिटांनी पाळी बदलायची, नाहीतर पाय बधिर होतात. अजून मला अस्वल दिसलेलं नाही आणि दिसू नये अशीच प्रार्थना आहे. घरी यातलं काही बोलू नकोस. प्रत्येकाच्या अंगावर बीकन, म्हणजे हिमाखाली गाडलेल्याची जागा कळवणारं रेडिओ-यंत्र असतं, सकाळी निघताना एकमेकांची तपासायची. हिमाखाली गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर आशा असते, आणि तेवढ्यात मदत येत नाही. जवळ असतील त्यांनीच खणायचं. २०१५ च्या डिसेंबरात इथे खुद्द गावातल्या घरांवर हिमस्खलन आलं होतं, दोघं गेले. तेव्हा हा सराव कुणी कंटाळून करत नाही.

बाकी तू हसशील असं: इथे कार्यालयातसुद्धा पादत्राणं दाराशी काढून आत जायचं. कोळशाच्या खाणींच्या काळातली रीत, काळी धूळ आत येऊ नये म्हणून. माझ्या आजीला हे एकच कारण पुरेल स्वालबार्ड आवडायला. आणि स्कूटर म्हणजे आपली अ‍ॅक्टिव्हा नव्हे, हिमावरून धावणारी पट्ट्याची गाडी. खाऊचं सांगायचं तर केळं आणि पोळीभाजी दगड होतात, पण तू दिलेले शेंगदाण्याचे लाडू उणे वीसलाही दाताने तुटतात. त्यांत पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून ते दगड होत नाहीत. सगळा गट आता "लाडू" हा शब्द नीट म्हणतो.

तर पुढे काय. हिमात रेडिओलहर सोडून थरांवरून येणारा तिचा प्रतिध्वनी टिपणारं एक रडार आहे, ते शुक्रवारपर्यंत दुसऱ्या गटाकडे आहे. ते मिळालं तर स्कूटरमागे ओढत मधला पट्टा दोन तासांत होईल. या घनतेच्या हिमात लहर नॅनोसेकंदाला साधारण २३ सेंटिमीटर जाते, म्हणजे जाऊन-येऊन फरशी १० नॅनोसेकंदांना दिसेल आणि तळ १४ च्या जवळ, दोन वेगळ्या रेषा. पण हिम ओलं झालं की रडार आंधळं होतं, आणि मे सरता सरता खालच्या भागात ओल धरायला लागते. रडार नाही मिळालं तर हातानेच, प्रत्येक ठिकाणी मीटरभराच्या त्रिकोणात तीनदा, आणि जिथे शंका तिथे हाताने फिरवायचं गिरमिट घालून मळका थर वर येतो का ते बघायचं. ३४ ठिकाणं, चार माणसं, पूर्ण दोन दिवस. गटातल्या तिघांना परत यायला तयार करायचंय. एकीने हो म्हटलंय. सादरीकरण ६ मेला आहे.

तोपर्यंत मी एक केलंय. वहीतले ३४ आकडे खोडले नाहीत, बदललेही नाहीत. प्रत्येकासमोर "फरशी?" लिहिलं आणि तारीख घातली. दुरुस्ती काढून सरसकट ४६ सेंटिमीटर मिळवावेत असं एकाने सुचवलं. मला ते नको. एका खड्ड्याच्या जोरावर ३४ ठिकाणी न मोजलेला आकडा लिहिणं म्हणजे दुसरी चूक. तुझं मत काय? खरंच कळव.

तुझ्या नव्या कामाचं सगळं वाचलं, पाणलोटाचं काम तुला मिळालं याचा फार आनंद झाला. काकूंचा दुसरा गुडघा कधी? दादाचं लग्न जूनअखेरीस असेल तर मी पोचते, आधी ठेवू नका म्हणावं. भाड्याचं घर मिळालं का?

एक काम कर. पुरंदरची वही तुझ्याकडेच आहे. पाटलांच्या विहिरीच्या पानाचा फोटो पाठव. ९.४ वर तू रेघ न मारता शेजारी लाल पेन्सिलीने काय आणि कसं लिहिलं होतंस, ते मला बघायचंय. शुक्रवारच्या आत पाठव.

तुझीच,
शमा