झोन बदलाची नोटीस जागेवरच लावा

महोदय, ग्रीन झोनमधली (शेतीसाठी ठेवलेली) जमीन यलो (रहिवासी) करून तिथे घरं, दुकानं, ऑफिसं अशी मिश्र वसाहत होऊ द्यावी असा लेख आपल्याकडे वाचला, त्यात हरकत घेणाऱ्यांना सरसकट विकासविरोधी ठरवलंय ते काही पटलं नाही. खाली दुकान वर घर याला नाशिककर कशाला विरोध करेल, रविवार कारंजा, मेनरोड, भद्रकाली सगळं तसंच तर वसलंय! खरी अडचण आहे ती कळण्याची. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ च्या कलम ३७ खाली शहराच्या विकास आराखड्यात असा झोनचा किंवा इतर किरकोळ बदल करायचा तर राजपत्रात नोटीस निघते आणि हरकतींना मुदत मिळते एक महिना, आता राजपत्र घरी कोण वाचतं? त्यात गट नंबर किंवा सर्व्हे नंबर असतो, आणि आपल्याकडे जमीन ओळखतात ती मळ्याच्या नावाने, नाहीतर समोरच्या मंगल कार्यालयावरून. बाधितांना वेगळी नोटीस द्यावी असंही कायद्यात आहे पण शेजारच्या सोसायटीतल्या भाडेकरूला बाधित कोण धरणार, त्याला पत्ता लागतो तो जेसीबी द्राक्षबागेचे अँगल आणि तारा उपटायला लागल्यावर, आणि तोवर ड्रेनेज, पाणी, रस्त्याची रुंदी विचारायची वेळ गेलेली असते. बांधकाम परवानगीचा बोर्ड साइटवर लागतोच ना? तसाच झोन बदलाचाही लावा, मराठीत, नकाशासकट, हरकतीची शेवटची तारीख ठळक टाकून.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक