परिपाठ दुपारच्या उन्हात घ्या

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपून शाळांचे दुसरे सत्र सुरू होत आहे. वेळापत्रकात फेरफार करायला मुख्याध्यापकांना हीच सवड मिळते, म्हणून हे पत्र.

केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांत आढळली. वय वाढते तशी कमतरता वाढते. याच वयात शाळा, शिकवणी आणि मोबाइल मिळून मुलांचा दिवस छपराखाली नेतात, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

आपल्याकडे कोवळ्या उन्हाचे फार कौतुक. पण त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण सकाळी सातच्या तिरप्या उन्हात जवळजवळ नसतातच; वातावरणाच्या जाड थरातून येताना ते वाटेतच शोषले जातात. ढोबळ खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन कामाचे, म्हणजे साधारण अकरा ते दोनमधले. काचेतून हे किरण येत नाहीत, त्यामुळे वर्गाच्या किंवा स्कूलबसच्या खिडकीशी बसूनही उपयोग नाही. सावळ्या त्वचेला तर गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि आपल्या घरांत मुलीला उन्हात जाऊ देत नाहीत ते ‘काळी पडशील’ म्हणून!

‘आमचा रोज दूध पितो’ असे पालक सांगतात. दुधात कॅल्शियम भरपूर, पण ते शरीरात मुरायला ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि साध्या दुधात ते नगण्य असते. ते घातलेल्या पिशवीवर ‘एफ’ आणि अधिकचे चिन्ह असते. मात्र ते घालणे दूध कंपन्यांवर बंधनकारक नाही. बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांतून थोडेफार मिळते, शाकाहारी घरात तेही नाही. मग औषधाच्या दुकानातून साठ हजार युनिटच्या पुड्या आणून मुलांना परस्पर दिल्या जातात. हे धोक्याचे आहे. अतिरेक झाला की रक्तात कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. तान्ह्या बाळांना डॉक्टर देतात ते रोजचे ४०० युनिटचे थेंब ही वेगळी गोष्ट, ते जरूर द्यावेत. पाय वाकलेले दिसले, हाडे दुखू लागली, तर डॉक्टरकडेच जावे.

अन्नसुरक्षा प्राधिकरण आणि एनसीईआरटी यांनी एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीत ‘प्रोजेक्ट धूप’ सुरू केला होता. सकाळची प्रार्थना अकरा ते एकच्या दरम्यान उघड्यावर घ्या, एवढेच त्यात सांगणे होते. आपल्याकडे तर दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांना ते आयतेच जमण्यासारखे आहे. दुपारच्या सत्राचा परिपाठ साडेबाराच्या सुमारास, म्हणजे नेमका योग्य वेळी असतो. पण मी नोकरी केली त्या शाळेत तो ध्वनिक्षेपकावरून, मुले वर्गात बसलेली असतानाच व्हायचा. सकाळच्या सत्राचा शेवटचा तास इयत्तांना आळीपाळीने मैदानावर देता येईल. बाह्या दुमडून पंचवीस-तीस मिनिटे कवायत किंवा खेळ पुरे. मैदान नसेल तर गच्ची चालते. (शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत मैदान आहे, पण शहरात ते बऱ्याचदा शिक्षकांच्या दुचाक्यांनी भरलेले असते.)

विदर्भ-मराठवाड्यातले वाचक लगेच उष्णतेचा मुद्दा काढतील, आणि तो रास्त आहे. मार्चपासून हे बंद करावे. पावसाळ्यात तसेही ढग असतात. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने राज्यात कुठेही अडचण नसावी. शिक्षण विभागाने त्यासाठी परिपत्रक काढावे. त्यात एक ओळ अशीही टाकावी, की सहामाही-वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणून शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देता येणार नाही.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, ठाणे