मास्तर, तिकिटामागची बाकी फेडतेय

मास्तर, नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडे असता तर हे चारचौघांत लिहिलं नसतं, साधं पोस्टकार्ड टाकलं असतं. पण तुमचं पूर्ण नावही मला कधी कळलं नाही. एसटीचे ड्रायव्हरदादा त्यांच्या कंडक्टरला, म्हणजे तुम्हाला, ‘मास्तर’ म्हणायचे, म्हणून आम्ही सगळ्या पासवाल्या पोरीही मास्तरच म्हणायचो. अमळनेर म्हटलं की लोक साने गुरुजींचं नाव घेतात, आणि घ्यावंच. १९२४ ते १९३० ते तिथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. माझ्या दहावीचे मास्तर मात्र खाकी कपड्यातले, काखेत तिकिटांचा ट्रे आणि हातात पंच घेतलेले.

२००२ सालची गोष्ट. आमच्या गावाला मुक्कामी गाडी यायची. रात्री साडेआठला येऊन पारापाशी उभी राहायची आणि पहाटे सहाला अमळनेरला निघायची. त्याच गाडीने आम्ही शाळेला जायचो. तुमची ड्यूटी असली की आई कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवायची. डबा द्यायला मीच यायचे. एकदा डबा परत देताना तुम्ही विचारलंत, “रात्री दोनपर्यंत तुमच्या घरात दिवा दिसतो. कोण आजारी आहे?”

आईने अभिमानाने सांगितलं, पोरगी दहावीला आहे.

त्या अभिमानाला तसा काही आधार नव्हता. मी चार रंगांत वेळापत्रक रंगवलं होतं. पुस्तकात पिवळ्या पेनाने इतक्या ओळी रंगवल्या होत्या की न रंगवलेल्याच उठून दिसायच्या. गाईडमधली उत्तरं सुवाच्य अक्षरात वहीत उतरवत होते. आणि भूमितीच्या पहिल्या घटक चाचणीत २५ पैकी ९ मिळाले होते. ते घरी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही घरचे नव्हतात.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी पुस्तक उघडून बसले. त्या रस्त्याला त्या गाडीत वाचणं म्हणजे डोळ्यांना झोके. तुम्ही तिकिटं संपवून शेजारच्या सीटवर टेकलात, पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, “झाक. तुले काय याद शे, ते सांग.”

मला काहीच ‘याद’ नव्हतं. रात्री दोनपर्यंत वाचलेल्या पाच पानांतली धड दोन वाक्यं निघाली. तुम्ही रागावला नाहीत. पंचाने समोरच्या दांडीवर एकदा टक् केलंत. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा, दोन घंट्या म्हणजे जाऊ द्या, हे तुम्हीच समजावलंत. पुढचं वर्षभर आमचं तसंच चाललं. चुकलं की एक टक्, बरोबर आलं की टक्-टक्.

सगळ्यात जास्त आठवतो तो प्रमाणाच्या प्रमेयाचा दिवस. ‘त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असणारी रेषा त्याच्या उरलेल्या बाजूंना भिन्न बिंदूंत छेदत असेल, तर ती रेषा त्या बाजूंना एकाच प्रमाणात विभागते.’ मी एका दमात म्हणून दाखवलं. तुम्ही पुस्तकात बोट ठेवून शब्द न् शब्द तपासलात, पण दोन टक् काही आले नाहीत. “म्हणजे काय?” तुम्ही विचारलंत. मी खिडकीच्या काचेवरच्या धुळीत बोटाने त्रिकोण काढला, आत आडवी रेघ मारली. तुम्ही थोडा वेळ बघत बसलात आणि तीच रेघ तिरकी करून म्हणालात, “अशी वाकडी मारली तर?”

मला उत्तर येत नव्हतं. तुम्हालाही येत नव्हतं, ते तुम्ही लगेच कबूल केलंत. घरी जाऊन पट्टीने पाच त्रिकोण काढले, रेघा सरळ-तिरक्या मारल्या, तुकडे मोजले, भागाकार केले. रेघ तिरकी झाली की दोन बाजूंची गुणोत्तरं जुळेनात. ‘समांतर’ हा शब्द त्या वाक्यात का बसवलाय ते त्या रात्री कळलं. आजपर्यंत ते प्रमेय मी विसरलेले नाही, आणि पाठ केल्याचंही आठवत नाही.

तुमची ड्यूटी रोज नसायची. कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने. मला आधी ते गैरसोयीचं वाटायचं. तुमच्या खिशातल्या छोट्या वहीत माझ्या चुकलेल्या प्रश्नांपुढे तारीख असायची आणि परत आलात की तिथूनच सुरुवात. “मंगळवारी ओहमचा नियम अडला होता. आज?” मधल्या दिवसांत बरंचसं विसरायचं, आठवताना घाम फुटायचा, पण दुसऱ्यांदा आठवलेलं टिकायचं.

रात्रीच्या दिव्यावरही तुम्हीच तोडगा काढलात. “मी झोपलो नाही तर सुट्ट्या पैशांत घोळ होतो. तू झोपली नाहीस तर कशात होईल?” दहाला झोपायला लागले. आईला आधी ते पटलं नाही.

वेबिलाचं, म्हणजे तुमच्या तिकीट-हिशोबाच्या कागदाचं, तर मी आजही मुलांना सांगते. प्रत्येक टप्प्याला तुम्ही तिकिटांचे नंबर वेबिलावर उतरवून घ्यायचात. मी विचारलं होतं, डेपोत गेल्यावर एकदमच का नाही लिहीत? तुम्ही हसलात. “डेपोत गेल्यावर चूक कळली तर पैसे माझ्या खिशातून जातात. टप्प्यावर कळली तर प्रवासी अजून गाडीतच असतो.”

पुढे धुळ्याला बीएड करताना पुस्तकांत तुम्हीच भेटायला लागलात. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून मांडलं होतं की माणूस सुरुवातीच्या काही तासांतच भराभर विसरतो, मग विसरण्याचा वेग मंदावतो. तुमची तारखांची वही त्यावरचाच उपाय. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग वाचताना तर मी वाचनालयात एकटीच हसले. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर त्यांना ४२ टक्के आठवलं आणि न बघता लिहिणाऱ्यांना ५६. माझी ती पाच मिनिटांची हुशारीच मला रोज फसवत होती. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तोलून पाहिल्या, त्यात ओळी रंगवणं आणि तेच ते वाचणं खालच्या रांगेत निघालं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत वाटून करणं वरच्या. माझा पिवळा पेन तिथेच मेला.

आता मी नववी-दहावीला गणित-विज्ञान शिकवते. तास सुरू झाला की पहिली पाच मिनिटं कोरा कागद, पुस्तकं दप्तरात. कालचं काय आठवतं ते लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगात भरा. तो दुसरा रंगच त्या दिवशीचा अभ्यास. मग तेच परवा, तेच पुढच्या आठवड्यात. सराव देताना एकाच संचातली गणितं देत नाही. तीन प्रकरणांतली मिसळून देते, म्हणजे रीत कुठली लावायची हेही त्यांनाच ठरवावं लागतं. मुलं कुरकुरतात, गुणही आधी थोडे घसरतात आणि पालक भेटायला येतात. फेब्रुवारीत ४० गुणांचा भूमितीचा पेपर घड्याळ लावून दोन तासांत सोडवायला बसले की कुरकुर कमी होते. मोबाइल शेजारच्या खोलीत ठेवा म्हटलं तर सगळे माना डोलावतात आणि कोणीच ठेवत नाही. तिथे मी हरलेय, तुम्ही असतात तर काय केलं असतं कोण जाणे.

मार्च २००३ मधली शेवटची भेट. आई बाजाराला म्हणून सोबत होती. तुमच्याकडे सुट्टे नव्हते, तिच्या तिकिटामागे तुम्ही बाकी लिहिलीत, ‘२ रु.’ आणि खाली माझ्यासाठी आणखी एक: ‘आरशात डावं-उजवं उलटतं, मग वर-खाली का नाही?’ गाडीच्या आरशाकडे बघून सुचलं असणार. बोरीच्या पुलावर तुम्ही म्हणालात, परीक्षेनंतर सांग. परीक्षा झाली, सुट्टी लागली आणि जूनमध्ये कळलं की तुमची बदली झाली.

दोन रुपये तुम्ही उतरतानाच आईला दिलेत. माझी बाकी राहिली होती.

तर मास्तर, आरसा डावं-उजवं उलटवतच नाही. आरशासमोर उभं राहून खिडकीकडचा हात वर करा, आरशातलाही खिडकीकडचाच हात वर होतो. डोकं वर, पाय खाली, तेही जसंच्या तसं. उलटतं ते फक्त पुढचं-मागचं. मी आरशाकडे तोंड केलंय, आरशातल्या बाईने माझ्याकडे. आपण मनातल्या मनात तिच्या जागी वळून उभे राहतो आणि म्हणून आपला डावा हात आपल्याला तिचा उजवा वाटतो.

दोनदा टक् करा.

तुमची,
खिडकीच्या सीटवरची पासवाली