टोरंटोचा आकडा, पण कोणत्या टोरंटोचा?

मा. संपादक, स. न.

कॅनडातल्या टोरंटोची लोकसंख्या कधी २८ लाख छापली जाते, कधी ६२ लाख. दोन्ही आकडे २०२१च्या जनगणनेतले आणि दोन्ही बरोबर. २७,९४,३५६ हा महापालिकेच्या हद्दीचा. ६२,०२,२२५ हा मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मार्कम वगैरे आसपासची शहरे धरून होणाऱ्या महानगराचा. लोकसंख्या एकाची आणि टक्केवारी दुसऱ्याची घेतली की घोटाळा होतो. दक्षिण आशियाई वंशाचे लोक शहरात १४ टक्के आहेत, महानगरात १९ टक्क्यांवर, आणि ब्रॅम्प्टनमध्ये तर निम्म्याहून अधिक. वाढही सारखी नाही. २०१६ ते २०२१ मध्ये टोरंटो २.३ टक्के वाढले, ब्रॅम्प्टन १०.६ टक्के, मिसिसागा मात्र किंचित घटले.

जुन्या आकड्यांशी तुलना त्याहून फसवी. १९९६ला टोरंटोत ६,५३,७३४ लोक होते, २००१ला २४,८१,४९४. पाच वर्षांत शहर चौपट झाले नाही. १९९८ साली स्कारबरो, नॉर्थ यॉर्क, एटोबिको, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क त्यात विलीन झाले. याच हद्दीत १९९६लाही २३,८५,४२१ लोक राहत होते. खरी वाढ जेमतेम ४ टक्के.

वंशाच्या आकड्यांत सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘दृश्य अल्पसंख्याक’ आणि ‘स्थलांतरित’ एकच समजणे. पहिली संज्ञा कॅनडाच्या रोजगार समानतेच्या कायद्यातली: मूलनिवासी वगळता जे गोरे नाहीत ते. शहरात ते ५५.७ टक्के, तर स्थलांतरित ४६.६ टक्के. टोरंटोत जन्मलेली तमिळ मुलगी पहिल्या गटात मोडते, दुसऱ्यात नाही; पोर्तुगालहून आलेला गवंडी दुसऱ्यात मोडतो, पहिल्यात नाही. जनगणनेत वांशिक मुळाचा, म्हणजे पूर्वज कोणत्या वंशाचे हा, प्रश्न आणखी निराळा. तिथे एकाहून अधिक उत्तरे चालतात, त्यामुळे सगळ्या गटांची बेरीज १००च्या पुढे जाते. २०११चे असे आकडे तर ऐच्छिक सर्वेक्षणातले आहेत. आधीच्या आणि नंतरच्या सक्तीच्या प्रश्नावलीशी ते जपूनच ताडावेत.

२०२३च्या जुलैतला शहराचा ३० लाखांवरचा आकडाही २०२१च्या गणनेला जोडून वाढ काढू नये. तो अंदाज आहे, आणि गणनेत सुटलेली माणसे त्यात आधीच मिळवलेली असतात. वाढ काढायची तर जुलै २०२१च्या अंदाजावरून काढावी.

आपला,
लोकसंख्येचा एक अभ्यासक